खातेदार कोण?

विष्णुपुरी प्रकल्पाचे दरवाजे उघडले, की नांदेडच्या सखल वस्त्यांत राहणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. आणि त्याच जलाशयाने तळ गाठला, की त्याच शहराच्या घशाला कोरड पडते. गोदावरीच्या काठी राहूनही आम्हां लोकांना पाणी कधी बेताने भेटत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. २०२४ आणि २०२५ च्या पावसाळ्यांत याच मराठवाड्यात उभी पिके मातीसकट वाहून गेली. आणि या साऱ्याच्या मागे १९९३ चा भूकंप एखाद्या जुन्या दुखण्यासारखा उभा आहेच. २०२४ मध्ये हिंगोलीकडची जमीन हलली, तेव्हा नांदेडपर्यंतच्या माणसांना पहाटे घराबाहेर धावताना किल्लारीचेच नाव आठवले. आपत्ती आमच्याकडे पाहुणी म्हणून येत नाही. ती घरचीच झाली आहे.

म्हणूनच आपत्ती कशी आली, याहून आपत्तीनंतर काय होते, याचा विचार आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. पाणी ओसरते, धूळ खाली बसते आणि मग पंचनामा सुरू होतो. तलाठी येतात, ग्रामसेवक येतात, कृषी सहायक येतात. बांधावर उभे राहून ते पहिला प्रश्न विचारतात : खातेदार कोण? पेरणी कोणी केली, खुरपणी कोणी केली, चिखलात गुडघाभर उभे राहून कुजलेल्या सोयाबीनच्या गंजीतून उरलेसुरले दाणे कोणी वेचले, हे कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर नाव कोणाचे, एवढेच विचारले जाते. आणि बहुतेक वेळा ते नाव त्या बाईचे नसते. ते नवऱ्याचे असते, सासऱ्याचे असते, कधी कधी तर पंधरा वर्षांपूर्वी वारलेल्या आजेसासऱ्याचे असते. मृत पुरुषाचे नाव चालते. जिवंत स्त्रीचे चालत नाही.

आमचा वाद या एका प्रश्नाशी आहे. आपत्तीनंतर स्त्रियांचा 'सहभाग' हवा, असे आता सगळेच म्हणतात. सरकार म्हणते, सेवाभावी संस्था म्हणतात, व्यासपीठावरून आपणही म्हणतो. सहभाग म्हणजे काय, तर तिने सभेला यावे, श्रमदान करावे, बचत गट चालवावा, इतरांना सल्ला द्यावा. हे सारे तिने केलेही आहे. पण जे तिने उभारले, त्यावर तिचे नाव लिहायची वेळ आली की साऱ्यांच्या लेखण्या अडतात. नाव न देता मागितलेला सहभाग म्हणजे बिनपगारी वेठ होय, असे आमचे म्हणणे आहे.

ज्यांना हे बोलणे कठोर वाटत असेल, त्यांनी किल्लारीचा इतिहास पुन्हा उघडून पाहावा. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झालेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांची जमीन हादरली. सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांना भूकंपाने मारले नाही, घरांनी मारले. दगड आणि माती यांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर घातलेले माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद त्या पहाटे झोपलेल्या माणसांवर येऊन पडले.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने मोठा पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. ५२ गावे मूळ जागेवरून हलवून नव्याने बांधण्यात आली. या स्थलांतरित गावांत कोणाला केवढे घर द्यावे, याचा निकष काय होता? जमीन. भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. त्यापुढे सात हेक्टरपर्यंत ४००. आणि त्याहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५० चौरस फूट. घरात माणसे किती, मोडलेल्या हातापायांची किती, पोरकी लेकरे किती सांभाळायची आहेत, हे या मापात बसत नव्हते. भूकंपाने एका रात्रीत साऱ्यांना उघड्यावर आणून समान केले होते; कागदाने त्यांना पुन्हा जमिनीच्या मापाने मोजले. आणि ज्या देशात २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसारही वहितीधारकांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच भरते, तिथे १९९३ साली जमिनीच्या मापाने स्त्रीच्या वाट्याला काय येणार होते, हे सांगायला गणिती लागत नाही.

नवी गावे सरळ रस्त्यांची, चौकोनी आखणीची आणि जुन्या गावांच्या कितीतरी पट पसरलेली झाली. नकाशावर ती नीटस दिसतात. पण शेजारणीशी भिंतीवरून होणारे बोलणे, दाराशी बांधलेले जनावर, ओसरीवरचे निवडणे-टिपणे, सांजवेळी चार बायकांनी मिळून बाहेर जाण्याची सोय, हे नकाशात मांडता येत नाही. ते ज्यांना ठाऊक होते, त्यांना नकाशा काढताना फारसे कोणी विचारलेच नाही. घर हे बाईचे राज्य, असे म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मग त्या राज्याची आखणी होताना राणी कुठे होती?

याच कार्यक्रमाची दुसरी बाजू मात्र वेगळी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय आमचे म्हणणे अपुरे राहील. जी गावे हलवली नाहीत, तिथल्या दीड लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. येथे घर मालकानेच बांधून घ्यायचे, शासनाने पैसे आणि साहित्य द्यायचे, अशी योजना होती. पण माहिती गावापर्यंत पोहोचत नव्हती. पोहोचली तर पारावरच्या चार पुरुषांपाशी थांबत होती. अशा वेळी प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यात आले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील शेकडो गावांत या स्त्रियांनी काम केले.

काय होते हे काम? माळवदावरील मातीचा थर कमी करून भार हलका करणे. जाड भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना धरून राहावे, म्हणून भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे. दारा-खिडक्यांच्या वर काँक्रीटचा सलग पट्टा ओढणे. कोपरे जाळी आणि सिमेंट यांनी बांधून घेणे. ही शास्त्रीय गोष्ट ज्यांनी कधी शाळेचा उंबरठा ओलांडला नव्हता, अशा बायकांनी समजून घेतली, गवंड्यांना समजावली आणि चुकीचे काम होत असेल तर अडवून धरली. हप्ता कोणाचा अडला, सिमेंट कोणाला कमी मिळाले, याचा हिशेब त्यांनी ठेवला. २००१ मध्ये कच्छ हादरले, तेव्हा याच भागातील स्त्रिया आपला अनुभव घेऊन तिकडे गेल्या. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावरही गेल्या. ज्यांना आपल्याच गावच्या पारावर उभे राहण्याची चोरी होती, त्यांनी परक्या प्रांतातील परक्या भाषेच्या स्त्रियांना घर कसे उभे करावे हे सांगितले. बाईला व्यवहार कळत नाही, असे म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू, की या प्रश्नाचा निकाल मराठवाड्यात १९९०च्या दशकातच लागलेला आहे.

पण येथेच आमची खरी तक्रार सुरू होते. भूकंप झाला त्याच वर्षी, २४ एप्रिल १९९३ रोजी, ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामपंचायतीत स्त्रियांच्या जागा राखीव झाल्या. पुढच्याच वर्षी, जून १९९४ मध्ये, महाराष्ट्राने महिला धोरण जाहीर केले आणि हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने स्थान दिले. मात्र ज्यांची लग्ने त्याआधी झाली होती, त्यांना वगळून. कायद्याचे दार असे किलकिले झाले होते. हजारो घरे नव्याने बांधली जात होती, नव्याने नोंदवली जात होती. पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद एका फटक्यात बदलण्याची अशी संधी शंभर वर्षांतून एकदा येते. तेव्हाच प्रत्येक घराच्या नोंदीत पती-पत्नी दोघांची नावे लिहिली असती, तर? ज्या बाईने भिंतीतला आरपार दगड तपासला, तिचे नाव त्या भिंतीच्या कागदावर आले असते. संधी येते आणि सवय जिंकते, असे आपल्याकडे नेहमी होते.

आणि सवय अजूनही जिंकते आहे. मराठवाड्यातील दुष्काळानंतर अनेक गावांतील स्त्रियांनी नवऱ्याकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि तिथे सोयाबीन किंवा कपाशीऐवजी ज्वारी, डाळी, भाजीपाला असे घरच्या ताटात येणारे पीक घेतले. पाणी कमी लागले, खर्च कमी झाला, घरात धान्य राहिले. शाश्वत विकासाच्या परिषदांतून या एका एकराचे मोठे कौतुक झाले आहे, आणि ते योग्यच आहे. पण 'मागून घेतला' हे शब्द वाचकांनी पुन्हा एकदा वाचावेत. जिथे ती आयुष्यभर राबली, तिथला एक एकर तिला मागून घ्यावा लागला; आणि मिळाला तो तोंडी. उद्या घरात भांडण झाले किंवा जमिनीला भाव आला, तर तो तोंडीच परत जाईल. तोंडी दिलेल्या जमिनीवर शेणखताचा खर्च कोण करील, बांधबंदिस्ती कोण करील, फळझाड कोण लावील? जे टिकणार आहे याची खात्री नाही, त्यावर शाश्वत काय उभे राहणार?

याउलट कर्जाच्या वेळी पाहा. घराची भिंत बांधायला, बियाणे घ्यायला, पोराच्या फीला पैसे हवे असले, की बचत गटाचे कर्ज निघते. तिथे सही तिची, जामीन तिच्या मैत्रिणी, हप्ता तिच्या मजुरीतून. ऋणाच्या कागदावर तिचे नाव चालते, धनाच्या कागदावर चालत नाही. महिन्याच्या महिन्याला दीड हजार रुपये खात्यावर टाकून शासन तिला लाडकी बहीण म्हणते. आम्हांला त्या रकमेविषयी तक्रार नाही. गरिबाघरी तिचे मोल आम्ही जाणतो. आम्ही एवढेच विचारतो, की बहीण लाडकी असेल, तर ओवाळणीबरोबर तिचा वाटाही द्यायला नको काय?

सर्वांत मोठी किंमत विधवा मोजते. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मदत मिळायची, तर कर्ज कोणाच्या नावे, जमीन कोणाच्या नावे, अशी चौकशी होते आणि 'पात्र' किंवा 'अपात्र' असा शिक्का बसतो. दुःखाचीही अशी प्रतवारी होते. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील अशा स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा त्यांतील ४० टक्के स्त्रियांना पतीने कसलेल्या जमिनीवर हक्क मिळालेलाच नव्हता. नवरा गेला, कर्ज राहिले, लेकरे राहिली. जमीन मात्र सासरची झाली.

आमच्या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की आपत्तीत सारेच बुडालेले असतात. तिथे स्त्री-पुरुष असा भेद कशाला? भेद आम्ही करत नाही. तो कागदात आधीच आहे. ज्यांची नावे नोंदीत आहेत आणि ज्यांची नाहीत, अशांना 'सारखी' मदत वाटणे म्हणजे नाव नसलेल्यांना वगळणे होय. सावकाराच्या वहीत ज्याचे नाव नाही तो सुखी, आणि सरकारच्या वहीत ज्याचे नाव नाही तो बेदखल, अशी ही रीत आहे.

दुसरा आक्षेप असा, की बाईच्या नावे जमीन गेली तर घर मोडेल. ज्यांना असे वाटते, त्यांनी गोव्याकडे पाहावे. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या तिथल्या कायद्यानुसार, वेगळा करार केला नसेल, तर लग्नानंतर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि अर्धा वाटा पत्नीचा असतो. तिच्या संमतीवाचून पतीला घरजमीन विकता येत नाही. गोव्यातील घरे त्यामुळे ओस पडली काय? आणि आमच्याच महाराष्ट्रात शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८९-९० च्या सुमारास 'लक्ष्मी मुक्ती'ची हाक दिली, तेव्हा गावेच्या गावे पुढे आली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. घर मोडायचे असते, तर त्यांचे मोडले असते. घर मोडते ते दारूने, कर्जाने आणि अबोल्याने. न्यायाने घर मोडल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे सारे परदेशी खूळ आहे. हा आक्षेप घेणाऱ्यांना आपलाच इतिहास ठाऊक नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी या मुलींच्या हाती केवळ अन्नाचे ताट ठेवले नाही. शेती, विणकाम, छपाई अशी कामे त्यांच्या हाती दिली. दुष्काळातून उठवलेल्या बाईला दुसऱ्याच्या दारात उभे करायचे नाही, तिच्या पायांवर उभे करायचे, हे त्या विदुषीला सव्वाशे वर्षांपूर्वी कळले होते. पुढे १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या बायकांनी उन्हात खडी फोडली, नालाबांध घातले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. त्या कामांच्या हजेरीपटावर बाईचे नाव तिचे स्वतःचे म्हणून लागले आणि मजुरी पुरुषाइतकीच ठरली. हजेरीपटावर जे जमले, ते सातबाऱ्यावर का जमू नये?

येथवर आम्ही शासनाला आणि समाजाला बोल लावले. पण हे त्रैमासिक ज्या घरांत वाचले जाते, ती घरे आमची, ख्रिस्ती घरे आहेत. तिथे काय चालते, हे न बोलता लेखणी खाली ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

कायद्याच्या दृष्टीने आपण इतरांच्या कितीतरी पुढे आहोत, असे समजले जाते. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र केलेले नसेल, तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशांत सर्व मुलांना समान वाटा, मग तो मुलगा असो की मुलगी, असे तो कायदा सांगतो. हिंदू भगिनींना जो हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये मिळाला, तो आपल्या लेकींना त्याच्या किती तरी आधीपासून आहे. मग आपल्या धर्मग्रामांत किती लेकींची नावे वडिलांच्या घराच्या उताऱ्यावर आहेत? वडील गेले, चाळीसाव्या दिवसाची मिस्सा झाली, की तहसील कचेरीच्या दारात बहिणींची रांग लागते. हक्कसोडपत्रावर अंगठा किंवा सही देऊन त्या घरी जातात. कोणी जबरदस्ती केली, असे म्हणता येत नाही. 'माहेर तुटू नये' एवढ्या एका भीतीवर ही सही मिळते. ज्या प्रेमाची किंमत सहीने चुकवावी लागते, त्याला प्रेम कसे म्हणावे?

त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने सिरियन ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांत जे कमी असेल ते ठरवून दिले होते. मेरी रॉय न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथेही १९२५ चाच कायदा लागू असल्याचा निर्वाळा दिला. त्या निकालाला केरळातील ख्रिस्ती समाजातूनच विरोध झाला, हे आपण विसरू नये. आपण महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोक कोर्टात विरोध करत नाही. आपण तो जेवणाच्या टेबलाशी करतो.

याला श्रद्धेचा आधार आहे, असे कोणी म्हणू नये. जुन्या करारात गणना या पुस्तकात सलाफहादाच्या पाच मुलींची हकिगत आहे. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा ही त्यांची नावे. शास्त्राने ती नावानिशी जपली. बाप रानात मेला, पाठीला भाऊ नाही. त्या साऱ्या मंडळीसमोर, मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि आपला वाटा मागितला. मोशेने तो प्रश्न देवापुढे नेला, आणि उत्तर आले, की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. भाऊ नव्हता म्हणून त्यांना वतन मिळाले, हे खरे. त्या काळाने तेवढे पाऊल टाकले. आपण त्यापुढे पाऊल टाकायचे, की त्यांच्याही मागे जायचे? पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९५ मध्ये जगातील स्त्रियांना उद्देशून पत्र लिहिले आणि समान वेतनापासून समान हक्कांपर्यंत सारे न्याय्य असल्याचे सांगितले. भारतातील बिशपांच्या परिषदेने २०१० मध्ये स्त्री-पुरुष समानतेचे धोरण स्वीकारले. पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या २०१५ च्या विश्वपत्रात पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश एकच असल्याचे म्हटले. या गरिबांत सर्वांत गरीब कोण, हे पाहायला दूर जायला नको.

मग करायचे काय? शासनाकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पंचनाम्याच्या कागदावर खातेदाराबरोबर प्रत्यक्ष कसणाऱ्या व्यक्तीचे नाव नोंदले जावे, आणि मदत पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात जमा व्हावी. आपत्तीनंतर सरकारी किंवा खासगी पैशातून उभे राहणारे प्रत्येक घर दोघांच्या नावे नोंदले जावे. विधवा, परित्यक्ता आणि एकट्या स्त्रीचे तिच्या स्वतःच्या नावे. आणि गावच्या पुनर्वसन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, त्यांना सहीचा अधिकार असावा आणि त्यांच्या कामाला मानधन असावे. श्रमदान श्रीमंतांनी करावे. दिवसाची मजुरी बुडवून बाईने समाजसेवा करावी, ही अपेक्षा निलाजरी आहे.

शासनाने हे करीपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही. धर्मग्रामातून पूरग्रस्तांना, आजाऱ्यांना, घर पडलेल्यांना जी मदत जाते, ती आजपासून दोघांच्या नावे जाऊ शकते. विवाहपूर्व शिबिरांत वधूवरांना प्रेमाबद्दल पुष्कळ सांगितले जाते. घराच्या कागदावर कोणाचे नाव असेल, हाही प्रश्न तिथे विचारला जाऊ शकतो. वडीलधाऱ्यांनी जिवंतपणीच मृत्युपत्र करून लेकीचा वाटा स्पष्ट लिहिला, तर भावाबहिणींत पुढे येणारा कडवटपणा मुळातच टळेल. आणि ज्या भावांनी हक्कसोडपत्रे करून घेतली आहेत, त्यांना आम्ही नम्रपणे सुचवू, की कायद्याने जे तुमचे झाले आहे, त्यातले विवेकाने काय तुमचे आहे, याचा हिशेब पापनिवेदनाआधी एकदा करून पाहावा.

किल्लारीत माळवद कोसळले, कारण भिंतीचे आतले आणि बाहेरचे अंग एकमेकांना बांधलेले नव्हते. दोन्ही अंगे उभी होती, जाड होती, जुनी होती. पण त्यांना धरून ठेवणारा आरपार दगड नव्हता. घराचेही तसेच आहे. एका अंगावर सारे श्रम आणि दुसऱ्या अंगावर सारी मालकी, अशी भिंत शांततेच्या काळात उभी राहते, धक्का बसला की फुटते. पुढचा धक्का पुराचा असेल, दुष्काळाचा असेल की जमिनीचा, हे कोणी सांगू शकत नाही. तो येईल, एवढे मात्र मराठवाड्याला पक्के ठाऊक आहे. तेव्हा तलाठी पुन्हा बांधावर येतील आणि तोच प्रश्न विचारतील. त्याचे उत्तर पंचनाम्याच्या दिवशी बदलता येत नाही. ते आज, कोरड्या अंगणात, साऱ्यांची मने शांत असताना बदलावे लागते.